जड हँडल

मेलबर्नजवळच्या ट्रुगानिनातल्या आपल्या मराठी मंडळींपैकी कुणी भारतात जायला निघालं, की तिकिटं काढून झाल्यावर दुसरं काम म्हणजे मधुवंतीची संध्याकाळ मागून घेणं. ती येते, केसांना क्लिप लावते आणि मोठ्या कौतुकाने भरलेली बॅग आधी पूर्ण रिकामी करायला लावते. बदाम, व्हिटॅमिनच्या बाटल्या, चॉकलेटं, कुणाच्या तरी मामेसासऱ्यांसाठी घेतलेले बूट, सगळं पलंगावर मांडून दोन मिनिटं नुसतं बघते. मग हात चालायला लागतो. बुटांच्या आत मोजे, मोज्यांच्या आत परफ्यूमच्या बाटल्या, कोपऱ्यात उरलेल्या फटीत जायफळाएवढी जागासुद्धा रिकामी राहत नाही. शेवटी बॅग उभी करून उचलते, क्षणभर डोळे मिटते आणि निकाल देते. "जास्त होतंय. बदामाचं एक पाकीट काढ." काटा लावून बघणारे बघतात आणि मुकाट पाकीट काढतात.

तिचं शास्त्र साधं होतं. जड ते सगळं चाकांकडे, हलकं ते हँडलकडे. "हँडल हलकं असलं की सोबत बॅग आहे हेच कळत नाही," असं ती म्हणायची. विमानतळावर एका बोटाने बॅग ओढत जाणाऱ्या बाया तिला दुवा देत.

गाडीच्या बाबतीत मात्र तिची ख्याती वेगळी होती. चिंचवडची मुलगी, बी. कॉम., लग्नाआधी पतसंस्थेत नोकरी केलेली, पण गाडीचं स्टिअरिंग पहिल्यांदा हातात आलं ते मेलबर्नला, मुलगी नुपूर शाळेत जायला लागल्यावर. लायसन्सची परीक्षा एका झटक्यात झाली नाही. एकदा तर राउंडअबाउटवर ती इतकी सभ्यपणे थांबून राहिली, की शेजारी बसलेल्या परीक्षकाने विचारलं, "आपण कुणाची वाट बघतोय का?" हे तिनेच हसत हसत मैत्रिणीला, चित्रलेखाला सांगितलं, आणि चित्रलेखाला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. त्यानंतर कित्येक वर्षं कुठल्याही हळदीकुंकवाला मधुवंतीला पाच मिनिटं उशीर झाला, की कुणीतरी म्हणायचंच, "येईल गं, राउंडअबाउटवर असेल." लायसन्स मिळालं, वेरिबीच्या चाइल्डकेअरमध्ये नोकरी लागली, रोज गाडीने येणंजाणं सुरू झालं. पण फ्रीवे आला की चावी नवऱ्याकडे, श्रीनाथकडे. कुणी तसा नियम केला नव्हता. पायंडा पडत गेला.

म्हणून मागच्या वर्षी, चित्रलेखाच्या मागच्या अंगणात भरताची वांगी भाजली जात असताना, मधुवंती म्हणाली, "पुढच्या वर्षी आम्ही पुण्याला जाणार नाही. डार्विनला जाणार. रस्त्याने," तेव्हा चिमट्यातलं वांगं निसटलं.

"अगं, विमान जातं की," चित्रलेखा म्हणाली.

"जातं. पण मला मधलं बघायचंय."

मधलं म्हणजे अख्खा देश. अ‍ॅडलेड, मग पोर्ट ऑगस्टा, तिथून सरळ उत्तरेला लाल मातीतून जाणारा रस्ता, अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, कॅथरीन आणि शेवटी डार्विन, जिथे मेलबर्नच्या ऐन हिवाळ्यात, जून-जुलैत, माणसं अर्ध्या बाह्यांनी फिरतात. इतकी वर्षं या देशात काढली, पण सुट्टी म्हटली की पुणं. पुण्यात लग्नं, मुंजी, बँकेची कामं, दवाखाने. दुसऱ्यांच्या बॅगा भरायच्या, स्वतःच्या भरायच्या, तिकडे जाऊन रिकाम्या करायच्या, पुन्हा भरायच्या. निव्वळ बघायला म्हणून दोघं कुठे गेलीच नव्हती. श्रीनाथला नोकरीतली लांब रजा पहिल्यांदाच मिळत होती, तीही येत्या हिवाळ्यापुरती. नंतर कंपनी दुसऱ्या हातात जाणार होती आणि नवे मालक काय देतील ते देव जाणे. उन्हाळ्यात जावं, तर उत्तरेला पावसाने रस्ते बंद. त्यामुळे जायचं तर आत्ताच.

बॅकस मार्शच्या एका म्हाताऱ्या जोडप्याकडून त्यांनी जुना कॅम्पर घेतला. गाडीच्या मागे जोडून ओढायचा, दोन चाकांचा, पाठीवर घडीचा तंबू असलेला. शेपटाकडचा दरवाजा उघडला की खणासारखं स्वयंपाकघर बाहेर सरकतं. गॅस, छोटं सिंक, मसाल्यांना कप्पा. ते स्वयंपाकघर पाहिल्यावर मधुवंतीने बाकी काही पाहिलं नाही. मग रोज जेवणं झाली की टेबलावर नकाशा. पेट्रोल कुठे, पाणी कुठे, संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात म्हणून उन्हं उतरायच्या आत कुठे पोचायचं. साउथ ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर ताजी फळं-भाज्या टाकून द्याव्या लागतात, हे वाचल्यावर ती कांगारूंपेक्षा हिरव्या मिरच्यांच्या चिंतेत पडली. "अ‍ॅडलेडला घेऊ," श्रीनाथ म्हणाला. "तिथेही माणसंच राहतात."

आणि फेब्रुवारीत श्रीनाथ ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी चक्कर येऊन पडला. तपासण्या झाल्या, डोकं झालं, छाती झाली, गंभीर काही निघालं नाही. पण डॉक्टरने एक गोष्ट स्वच्छ सांगितली. सहा महिने गाडी चालवायची नाही. फिरा, खा, कामावर जा, पण ड्रायव्हरच्या सीटवर बसू नका.

घरी आल्यावर त्याने नकाशाची घडी घातली. "झालं. कॅम्पर विकून टाकू."

मधुवंती कणीक मळत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "मी चालवते."

नुपूर लॅपटॉपवरून वर बघत म्हणाली, "आई, सीरियसली? वेस्ट गेट ब्रिज नको म्हणून तू अख्खं फुट्सक्रे फिरून जातेस."

"जायचे. आता नाही जाणार."

बोलून दाखवणं सोपं होतं. पण बाई खरंच कामाला लागली. एक दिवस पैसे भरून ओढगाडीचा क्लास केला. तिथे ती एकटीच साडेपाच फुटांच्या आतली होती आणि एकटीच डबा घेऊन गेली होती. मग दर रविवारी सकाळी स्टेशनच्या मोकळ्या पार्किंगमध्ये रिकामा कॅम्पर घेऊन सराव. मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे वळवलं की शेपूट डावीकडे जातं, हे डोक्याला कळतं पण हाताला कळत नाही. पहिल्या रविवारी गाडी आणि कॅम्पर एकमेकांकडे तोंड करून भांडल्यासारखे उभे राहिले आणि नुपूरने त्याचा व्हिडिओ काढला. क्लासातल्या बाईने एक युक्ती सांगितली होती. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धर, मग हात जिकडे तिकडे शेपूट. ती युक्ती हातात मुरायला महिना गेला. मुरली मात्र अशी, की नुपूरने व्हिडिओ काढणं बंद केलं. कारण त्यात हसण्यासारखं काही उरलं नाही. एका शनिवारी पहाटेच रिकामा कॅम्पर घेऊन ती फ्रीवेने थेट जिलाँगला जाऊन आली. श्रीनाथ शेजारी होता. कॅम्पर मागून आज्ञाधारक मुलासारखा सरळ आला.

आता या गोष्टीत राजीव भाऊजी आले. श्रीनाथचा जुना मित्र, मेलबर्नच्या विमानतळावर पहिल्या दिवशी घ्यायला आलेला, त्यामुळे या घरात त्याच्या शब्दाला वजन. पॉइंट कुकला राहतो, मोठी कॅरॅव्हॅन आहे, दर ख्रिसमसला ती ओढत समुद्रावर जातो, आणि उरलेलं वर्षभर त्याबद्दल बोलतो. माणूस मनाने चांगला. पण ज्याला सगळं येतं त्याच्याशी बोलायला फार काही उरत नाही, तशातला.

मेच्या सुरुवातीला एका संध्याकाळी तो चहाला आला. म्हणाला, "श्री, मी विचार केला. विनीता त्याच सुमाराला माहेरी जातेय. मी एकटाच आहे. मी येतो तुमच्याबरोबर. पूर्ण ट्रिप मी ओढतो. तू पुढे बस, नकाशा बघ. वहिनी मागे आरामात बसतील, चहा-फराळाचं बघतील."

मधुवंतीने कप खाली ठेवला. "भाऊजी, मी शिकलेय ओढायला."

"शिकलात ना, कौतुक आहे. पण वहिनी, रिकामा ट्रेलर म्हणजे साखरपुडा. भरल्यावर कळतं संसार काय असतो. त्यात तिकडे तीन-तीन डबे लावलेले ट्रक येतात. रोड ट्रेन म्हणतात. ती शेजारून गेली की आपली गाडी अशी ओढली जाते."

श्रीनाथ म्हणाला, "बघू." या घरात 'बघू' म्हणजे 'हो', हे मधुवंतीला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून ठाऊक होतं.

श्रीनाथला ती दोष देत नव्हती. चक्कर येऊन पडलेला माणूस, त्याला भीती वाटणारच. पण स्वतः ठरवलेल्या, रात्र रात्र नकाशा वाचून आखलेल्या प्रवासात आपण मागच्या सीटवर थर्मास धरून बसायचं, ही कल्पना तिच्या घशाखाली उतरेना. त्यापेक्षा पुण्याला गेलेलं बरं. तिथे निदान मागची सीट आपल्या सवयीची आहे.

"असं करू," ती म्हणाली. "एकदा पूर्ण भरून बॅलरॅटला जाऊन येऊ. मी चालवते. भाऊजी, तुम्ही मागे बसून बघा. नीट जमलं तर तुम्ही रजा टाकू नका. नाही जमलं तर मी मागे बसते, आणि चहाही देते."

"डन," राजीव म्हणाला. "शनिवारी जाऊ. सोमवारी मला ऑफिसात सांगावंच लागेल."

आता भरणं तिच्या हातचं. त्या आठवड्यात सगळ्या मराठी मंडळाला कळलं होतं, की मधुवंती डार्विनला चाललीय आणि वाटेत कित्येक दिवस काही मिळत नाही. मग शिदोरी येऊ लागली. चित्रलेखाने चकल्यांचा डबा आणला, कुणी भाजणी, कुणी मेतकूट, कुणी लोणच्याची बरणी, कुणी तूप लावलेल्या गुळपोळ्या. शिदोरीला नाही म्हणता येत नाही, ती देणाऱ्याच्या हाताची असते. त्यात तिचं स्वतःचं धान्य, डाळी, आटा, लोखंडी तवा, दोन कुकर, खलबत्ता. स्वयंपाकघर शेपटाकडे, तेव्हा सामान शेपटाकडेच हवं. रोज वाकून पुढच्या पेटीतून डाळ कोण काढणार? तिने सगळं जड सामान मागच्या कप्प्यांत असं बसवलं, की दरवाजा लावताना बाहेर बोटभरही काही आलं नाही. पुढच्या पेटीत गाद्या, उशा, पांघरुणं. मग ती पुढे गेली आणि कॅम्परचं नाक, ज्याने तो गाडीला जोडतात तो दांडा, उचलून बघितला.

"श्री, बघ. एका हातावर."

श्रीनाथ बघतच राहिला. परवापर्यंत रिकाम्या कॅम्परचं नाक उचलायला दोघं लागत होती. "मानलं तुला," तो म्हणाला. "इतकं भरून हलकं झालं?"

"भरण्यात असतं ते," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. फक्त तिला वाटलं तसं नाही.

शनिवारी राजीव आला तेव्हा कॅम्पर गाडीला जोडून तयार होता. त्याने चारी बाजूंनी फिरून टायरवर लाथ मारल्यासारखं केलं आणि मागे बसला. मधुवंती निघाली. गल्लीतून, राउंडअबाउटवरून, वेस्टर्न फ्रीवेला. मेल्टनपर्यंत ठीक होतं. मेल्टनच्या पुढे वेग धरला आणि शेजारून एक मोठा ट्रक गेला. तिला आधी कुल्ल्यांखाली जाणवलं, मग आरशात दिसलं. कॅम्परचं शेपूट डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, पुन्हा डावीकडे, आणि दर खेपेला थोडं जास्त. गाडीचं नाकही त्याच्यामागे डोलायला लागलं, म्हणजे कुत्र्याने शेपूट हलवायच्या ऐवजी शेपटाने कुत्रं हलवावं तसं.

"ब्रेक नको," राजीव मागून म्हणाला. "पाय काढा."

तिने पाय आधीच काढला होता. वेग उतरला, डोलणं थांबलं. तिने श्वास घेतला, पुन्हा वेग धरला. पुन्हा तेच, या वेळी ट्रक नसताना. श्रीनाथ दाराच्या वरची पट्टी धरून बसला होता. बॅकस मार्शची पाटी आली तशी ती फ्रीवे सोडून बाहेर आली, पेट्रोल पंपाच्या कडेला थांबली आणि स्टिअरिंगवरचे हात मांडीवर ठेवले.

राजीव उतरला, पुढे आला, दार उघडून उभा राहिला. ती उतरली आणि मागे जाऊन बसली. इतकंच झालं, पण तिला ते अंतर फार लांब वाटलं.

परतीच्या वाटेवर राजीव चालवत होता. ती खिडकीतून बाहेर बघत होती, म्हणजे रडू येऊ नये म्हणून बघत होती. मेल्टनच्या अलीकडे पुन्हा पाठीत तो झोका आला. तिने मान वळवली. शेपूट हलत होतं. राजीवने पाय काढला.

"वारा फार आहे आज," तो म्हणाला.

मधुवंतीने बाहेर पाहिलं. निलगिरीचं एक पान हलत नव्हतं. पलीकडच्या शोरूमबाहेरचा झेंडा ओल्या पंच्यासारखा लोंबत होता. राजीव तिथून घरापर्यंत डावीकडच्या लेनमधून, बैलगाडीच्या वेगाने आला.

निघताना तो तिच्या खांद्याशी थांबून म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका वहिनी. टोइंग हातात असावं लागतं. सोमवारी टाकतो मी रजा."

"बरं," श्रीनाथ म्हणाला. 'बघू'सुद्धा म्हणाला नाही.

रविवारी सकाळी श्रीनाथ उठायच्या आत ती चहाचा कप घेऊन ड्राइव्हवेत आली. कॅम्पर गाडीपासून सोडवलेला, पुढच्या छोट्या चाकावर टेकून उभा होता. ती त्याच्यासमोर बसली, एखाद्या हट्टी पोरासमोर बसावं तशी. चाइल्डकेअरमध्ये ती हेच करायची. पोर आदळआपट करत असेल तर आधी ओरडायचं नाही, बसायचं आणि बघायचं, काय खुपतंय.

जिलाँगला गेलो तेव्हा सरळ आला. हात हेच होते. गाडी हीच, रस्ता तसाच. राजीव भाऊजींचे हात इतक्या वर्षांचे, त्यांच्याही हातात हलला. मग बदललं काय? भरला, एवढंच. आणि भरला कुणी? मी.

ती उठली, भरताना उचललं होतं तसंच नाक उचललं. आलं, एका हातावर. थोडं जोराने उचललं तर छोटं चाक जमिनीवरून सुटून अख्खं धूड मागे झुकायला लागलं. तिने पटकन खाली दाबलं.

आणि दाबतानाच तिला चाइल्डकेअरच्या अंगणातला सीसॉ आठवला. एका टोकावर गुबगुबीत वेद बसला, की दुसऱ्या टोकावरची स्पृहा हवेत. तिने कॅम्परच्या चाकांकडे पाहिलं. बॅगेची चाकं टोकाला असतात. याची मध्ये होती. सगळं जड आपण शेपटाला बसवलं, म्हणून नाक हवेत जायला बघतंय, आणि गाडीला धरून ठेवायला त्याच्यात जोरच नाही. मग शेपूट हलणार नाही तर काय करणार?

आत जाऊन तिने कॅम्पर विकताना म्हाताऱ्याने दिलेली पुस्तिका उघडली. स्वयंपाकघराच्या चित्रांची पानं तिने पाठ केली होती. सामान कसं भरावं हे पान तिने उलटूनही पाहिलं नव्हतं. बॅगा भरणं तिला कुणी शिकवायचं? तिथे चित्र काढून लिहिलं होतं. जड सामान चाकांच्या वर आणि किंचित पुढे, मागे फक्त हलकं. आणि नाक गाडीवर चांगलं जड टेकलं पाहिजे.

श्रीनाथ बाहेर आला तेव्हा सगळं हिरवळीवर होतं. आटा, डाळी, बरण्या, कुकर, खलबत्ता. शेजारच्या घरातली व्हिएतनामी आजी कुंपणावरून बघत होती, तिला गराज सेल वाटत असावा.

"हे काय?" श्रीनाथने विचारलं.

"चूक झाली माझी."

तो तिच्या शेजारी बसला. "अगं, ठीक आहे. नवीन माणसाला नाही जमत पहिल्यांदा चालवणं..."

"चालवण्यात नाही. भरण्यात."

श्रीनाथ तिच्याकडे बघत राहिला. तिने चालवण्यात चूक केली, यावर त्याचा कालपासून विश्वास बसला होता. भरण्यात केली, यावर बसेना. "तुझी?" तो म्हणाला. "भरण्यात?"

"हो. चित्रलेखाला सांगू नकोस एवढ्यात."

तिने त्याला सीसॉ समजावला, पुस्तिका दाखवली. श्रीनाथ शेवटी इंजिनिअर. एकदा चाकांकडे, एकदा बरण्यांकडे पाहिलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"तुझ्या लक्षात कसं येणार? तू कौतुक करत होतास."

मग दोघं भिडली. नुपूरही पायजम्यातच आली आणि बरण्या पोचवायला लागली. आटा, डाळी, कुकर चाकांच्या वर आणि जरा पुढे. तवा आणि खलबत्ता पुढच्या पेटीत. खलबत्त्याला श्रीनाथने दोनदा परत घरात पाठवलं आणि दोनदा तिने तो आणला. गाद्या-उशा, ताटं-वाट्या शेपटाला. निम्मी लोणची घरीच राहिली. रोज डाळ काढायला वाकावं लागणार होतं. "वाकू," ती म्हणाली. श्रीनाथने बाथरूममधला वजनकाटा आणून लाकडाचा ठोकळा लावून त्यावर नाक टेकवलं, आकडा बघितला, पुस्तिका बघितली, आणि अंगठा दाखवला. आता ते नाक उचलायला दोघं लागली, तरी कण्हत.

"इतकं जड हँडल मी आयुष्यात कुणाला दिलं नाही," मधुवंती म्हणाली.

तिने फोन लावला. "भाऊजी, दुपारी या. परत जायचंय."

"वहिनी, कशाला जिवाला त्रास? आणि आज खरंच वारा आहे हो. बाहेर बघा."

तिने बघितलं. उत्तरेचा वारा सुटला होता, शेजाऱ्यांचा कचऱ्याचा डबा आडवा झाला होता. "बरंच झालं," ती म्हणाली. "काल तर झाडाचं पानही हलत नव्हतं."

"येतो," राजीव म्हणाला.

मेल्टनच्या पुढे तिने वेग धरला. वाऱ्याचा फटका बसला की अख्खी गाडी थोडी सरायची, कॅम्परही तिच्याबरोबर सरायचा, आणि दोघं एकत्रच जागेवर यायची, सप्तपदी चालल्यासारखी. ट्रक आला. तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, घट्ट नाही, नुसतं धरलं. ट्रक गेला. आरशात कॅम्पर होता तिथेच होता. दुसरा ट्रक गेला. बॅकस मार्शची पाटी आली आणि मागे पडली. मग चढ लागला, पेंटलंडच्या टेकड्यांचा, इंजिनाचा आवाज बदलला, तिने गिअर बदलला. मागच्या सीटवरून काहीच आवाज येत नव्हता. राजीव भाऊजींच्या संदर्भात ही गोष्ट इतकी नवीन होती, की श्रीनाथने वळून पाहिलं.

"ठीक आहेस ना रे?"

"ठीक आहे," राजीव म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "वहिनी, काल काय केलं होतंत आणि आज काय केलंत?"

"सांगते. आधी पोचू दे."

बॅलरॅटच्या तळ्याकाठी, दोन कॅरॅव्हॅनच्या मध्ये एकच जागा मोकळी होती. थोडं पुढे गेलं असतं तर मैदान मोकळं होतं. मधुवंतीने ते पाहिलं आणि सोडून दिलं. ती पुढे गेली, थांबली, हात स्टिअरिंगच्या खाली नेला आणि मागे घ्यायला लागली. घाई नाही, थांबणं नाही. हात जिकडे, शेपूट तिकडे. कॅम्पर त्या फटीत असा गेला, जसा बुटात मोजा. शेजारच्या कॅरॅव्हॅनबाहेर खुर्ची टाकून बसलेल्या म्हाताऱ्याने पेपर खाली केला आणि म्हणाला, "नीटली डन, लव्ह."

राजीव उतरला. दोन्ही बाजूंनी जागा बघून आला. "मला दोनदा पुढे-मागे करावं लागलं असतं," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "तीनदा."

चहा झाला, चित्रलेखाच्या चकल्या निघाल्या. मधुवंतीने त्याला सगळं सांगितलं, बॅग, सीसॉ आणि स्वतःची चूकसुद्धा, काही न लपवता. राजीव चकली मोडत ऐकत होता. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं, जणू तळ्यावरच्या बदकांनी ऐकू नये. "वहिनी, खरं सांगू? गेल्या ख्रिसमसला आमची कॅरॅव्हॅन पण जरा हलत होती. मी विनीताला म्हटलं, वारा आहे."

"होता का वारा?"

"नव्हता."

"मग आणा एकदा. बघते. पण विनीता निघायच्या आत, तिच्यासमोर. भरते तीच ना?"

"तीच भरते. मी फक्त ओढतो."

श्रीनाथने खुर्ची पुढे ओढली. "राजीव, उद्या ऑफिसात काही सांगू नकोस. रजा ठेव तुझी." हे तो 'बघू' न म्हणता, सरळ म्हणाला. मधुवंती थर्मासचं झाकण लावत होती. ते तिने उगाच दोनदा लावलं.

मे संपता संपता एका गारठलेल्या सकाळी दोघं निघाली. नुपूरने हातावर दही-साखर घातली आणि म्हणाली, "ड्राइव्ह सेफ, आई." चित्रलेखा नाइटीवर कोट घालून गल्लीच्या तोंडाशी उभी होती. बॅलरॅट गेलं, सीमा गेली, अ‍ॅडलेडला हिरव्या मिरच्या मिळाल्या. पोर्ट ऑगस्टाच्या पुढे झाडं आखूड होत गेली आणि माती लाल होत गेली. एका दुपारी समोरून पहिली रोड ट्रेन आली. लांबून नुसता चकाकणारा ठिपका, मग एक डबा, त्यामागे दुसरा, त्यामागे तिसरा. श्रीनाथ संत्रं सोलत होता. ती अंगावरून गेली तेव्हा हवेचा धक्का बसला, लाल धुरळा उडाला आणि काच क्षणभर काहीच दाखवेना. मग रस्ता पुन्हा दिसला, सरळ. आरशात कॅम्पर सरळ.

"फोड घे," श्रीनाथ म्हणाला. त्याने वर बघितलंही नव्हतं.

कूबर पेडीला फोनला रेंज आली तेव्हा त्याने स्टिअरिंगशी बसलेल्या मधुवंतीचा, मागे लाल माती असलेला फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर चित्रलेखाचं. "बाईसाहेब पुढे, मग मागे कोण बसलंय?"

"काय लिहू?" श्रीनाथने विचारलं.

"लिही, तुझ्या चकल्या. हलक्या आहेत, मागे चालतात."

त्याने लिहिलं. तिने इंडिकेटर लावला, आरसा पाहिला आणि उत्तरेच्या रस्त्याला लागली.